बेसिकमधून गेम शिकवायचेत, ऑनलाइन सुरुवात कुठून करू?

या वेळी नाशिकहून आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतायत, बेसिक या जुन्या, सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेतून मुलांना गेम बनवायला शिकवणं, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवलीत आणि सगळी जागा यालाच दिलीय.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी नाशिकरोडच्या एका शाळेत बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवला, आता निवृत्त आहे. लॅबमध्ये पोरं जीडब्ल्यू-बेसिकवर, म्हणजे डॉसच्या काळातल्या बेसिकवर, छोटे छोटे गेम करायची आणि तास संपला तरी उठायची नाहीत. तेच आता मराठीतून ऑनलाइन ट्युटोरियल करून सहावी ते दहावीच्या मुलांना शिकवावं असं मनात आहे. चाळीस धड्यांचा सिलॅबस लिहून काढलाय, पहिले दहा धडे व्हेरिएबल, ऑपरेटर, इनपुट-आउटपुट, मग अकराव्यापासून गेम. सगळं रेकॉर्ड करूनच लाँच करू का? आणि बेसिक कुठलं घ्यायचं, जुनं तर आताच्या विंडोजवर चालतच नाही.

सर, कराच. मराठीतून प्रोग्रॅमिंग म्हणून मला ऑनलाइन जे दिसतं ते बहुतेक नोकरीच्या तयारीचं असतं, सातवीतल्या पोराला 'बस इथं, आज एक गेम करू' म्हणणारं क्वचितच कोणी सापडतं, आणि तुमच्याकडे लॅबभर पोरं सांभाळल्याचा अनुभव आहे, तो विकत मिळत नाही. फक्त तो सिलॅबस आधी उलटा करा. दहा धडे व्हेरिएबल आणि मग गेम, हे शाळेत चालतं कारण शाळेत मुलगा तासाला उठून जाऊ शकत नाही. ऑनलाइनला त्याच्या अंगठ्याखाली दुसरा व्हिडिओ तयारच असतो.

पहिल्या धड्यातच गेम चालला पाहिजे, भले दहा-बारा ओळींचा असू दे. आकडा ओळखायचा गेम घ्या, कॉम्प्युटर 1 ते 100 मधला एक आकडा मनात धरतो, मूल अंदाज सांगतं, कॉम्प्युटर 'मोठा' किंवा 'लहान' एवढंच बोलतो. बघा, यात आकडा साठवणारं व्हेरिएबल आलं, इनपुट आलं, 'असं असेल तर' म्हणणारं इफ आलं, तेच परत परत करणारा लूप आला, रँडम आकडा आला. तुमच्या पहिल्या दहा धड्यांतलं बहुतेक सगळं यात येऊन गेलं, फक्त नावं न घेता आलं, नावं मागून सांगितली तरी चालतात.

आणि गेम चालला की धडा संपवू नका, खरी मजा तिथून पुढे आहे. विचारा, कमीत कमी किती वेळात आकडा नक्की सापडेल? पोरं आधी वाट्टेल ते आकडे टाकतात, मग कोणीतरी 50 पासून सुरू करतं, मग 25 नाहीतर 75, आणि हळूहळू लक्षात येतं की दर वेळी उरलेल्यातले अर्धे आकडे बाद होतायत, म्हणजे सात वेळात सापडलाच पाहिजे. मग म्हणा आता कोडमध्ये 100 च्या जागी 1000 कर आणि सांग किती लागतील. सत्तर म्हणतात सगळे. लागतात फक्त दहा. हे जेव्हा मूल स्वतः करून बघतं तेव्हा त्याला प्रोग्रॅमिंग आणि गणित दोन्ही एकदम भेटतं, आणि मला विचाराल तर तुमच्या प्रत्येक धड्यात असं एक तरी 'आता हे बदलून बघ' असलंच पाहिजे, ते नसेल तर तो धडा नुसती टायपिंगची प्रॅक्टिस होतो.

अजून एक युक्ती सांगते. 'रँडमाइज टायमर' ही ओळ पहिल्या दिवशी मुद्दाम देऊ नका. क्यूबेसिकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकमध्ये, ती नसली की प्रोग्रॅम दर वेळी नव्यानं चालवला तरी आकडे त्याच क्रमानं येतात, मूल थोडं खेळलं की स्वतःच ओरडतं की हा परत तोच आकडा धरतोय, आणि मग तुम्ही ती ओळ दिली की ती कशासाठी असते हे ते कधी विसरत नाही.

आता बेसिक कुठलं ते. जुनं क्यूबेसिक 16-बिट आहे, आताच्या 64-बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, डॉसबॉक्समधून, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवावं लागतं आणि नवख्या मुलाला आधी डॉसबॉक्स शिकवा, मग बेसिक शिकवा, एवढा कोणाला धीर? जीडब्ल्यू-बेसिकचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टनं 2020 मध्ये खुला केला खरा, पण तो 1983 चा असेंब्लीतला कोड आहे, जाणकारांनी वाचायला छान, मुलांना त्याचा काही उपयोग नाही. माझं मत क्यूबी64 ला, ते क्यूबेसिकचंच आताच्या मशीनवर चालणारं रूप आहे. फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं, आणि क्यूबेसिकमध्ये लिहिलेलं बहुतेक सगळं त्यात तसंच्या तसं चालतं. ज्यांच्याकडे इन्स्टॉल करायची सोय नाही त्यांच्यासाठी क्यूबीजेएस आहे, ते ब्राउझरमध्येच उघडतं आणि भाषा तीच. बीबीसी बेसिकही अजून जिवंत आहे, अँड्रॉइडवरसुद्धा मिळतं आणि फार चांगलं आहे, पण मग पूर्ण ट्युटोरियल त्यातच करा, दोन्ही मिसळू नका. कारण साधं उदाहरण घ्या, फासा टाकायचाय, बीबीसी बेसिकमध्ये 'आरएनडी' (RND) पुढे कंसात 6 लिहिलं की 1 ते 6 मधला पूर्ण आकडा मिळतो, क्यूबी64 मध्ये तेच लिहिलं तर शून्य ते एकच्या मधला अपूर्णांक मिळतो, त्याला 6 नं गुणून, पूर्णांक काढून, वर 1 मिळवावा लागतो. मुलानं एकीकडचा कोड दुसरीकडे टाकला की त्याचा फासा भलतंच काही दाखवणार आणि त्याला वाटणार आपल्याला जमत नाही.

तुमच्या जुन्या वह्यांमधले गेम असतील तेही आहेत तसे उतरवू नका. त्या काळी वेग कमी करायला आपण मध्ये रिकामा फॉर-नेक्स्ट लूप टाकायचो, 1 ते 5000 मोज आणि मग पुढे जा. आजच्या मशीनवर ते मोजणं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं आणि गेम सुरू होताच हरलात असं दिसतं. क्यूबी64 मध्ये त्यासाठी 'लिमिट' कमांड आहे, लूपमध्ये लिमिट 30 लिहिलं की सेकंदाला जास्तीत जास्त तीस फेऱ्या, मशीन कुठलंही असो. ती अंडरस्कोरनं सुरू होते हे मात्र व्हिडिओत मोठ्यानं सांगा, पोरं हमखास विसरतात.

चाळीस धडे रेकॉर्ड करायच्या भानगडीत आत्ता पडू नका. तीन गेम पुरे, आकडा ओळख, सापशिडी आणि एक पळापळीचा. ते तयार झाले की सोसायटीतली, ओळखीतली तीन-चार मुलं घरी बोलवा, धडा समोर ठेवा आणि तुम्ही शेजारी बसून एक शब्द बोलू नका. शिक्षकाला यासारखं अवघड काही नाही, माहितेय मला, पण ऑनलाइन तुम्ही शेजारी नसणारच ना. मूल कुठं अडलं तेवढं लिहून ठेवा. बघा, निम्मे अडथळे प्रोग्रॅमिंगचे नसतातच. शून्य आणि ओ सारखे दिसतात, एक आणि एल सारखे दिसतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्ही कोड वर्डमध्ये टाइप करून पाठवलात तर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात, ती बेसिकला कळत नाहीत आणि पहिल्याच ओळीला एरर. कोड कायम नोटपॅडमध्ये किंवा थेट क्यूबी64 मध्येच लिहा. ही तीन-चार मुलं जिथं अडली तिथं धडा दुरुस्त केलात की मग लाँच करा, आणि शक्यतो दिवाळीच्या सुट्टीच्या किंवा मे महिन्याच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये कितीही चांगलं काढलंत तरी आईबाप मुलाला कॉम्प्युटरपाशी बसू देणार नाहीत.

प्रश्न : ताई, मुलगा आठवीत आहे, पंचवटीत राहतो. त्याला गेम बनवायला शिकायचंय, पण घरात एकच मोबाइल आणि तोही माझा. शिवाय त्याचा मामा म्हणतो बेसिक आता कोण शिकतं, डायरेक्ट पायथन शिकव, बेसिकनं उलट सवयी बिघडतात. काय करू?

मामा म्हणतात त्यात तथ्य आहे, ते आधी सांगते. डायक्स्ट्रा नावाचे फार मोठे संगणकशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की बेसिकवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य असतं. त्यांचा राग त्या काळच्या बेसिकवर होता, प्रत्येक ओळीला नंबर आणि जिकडेतिकडे 'गोटू', म्हणजे प्रोग्रॅम वाचायला घेतला की या ओळीवरून त्या ओळीवर उड्या मारत बसायचं. आताच्या बेसिकमध्ये ओळीचे नंबर लागत नाहीत, डू-लूप आहे, प्रोग्रॅमचे नाव दिलेले छोटे तुकडे करायला सब आणि फंक्शन आहेत, गोटूला हातही न लावता पूर्ण गेम लिहिता येतो. तेव्हा ट्युटोरियल निवडताना एवढंच बघा, त्यात गोटू पदोपदी असेल तर ते सोडून द्या.

आणि बेसिक मुळात बनलंच तुमच्या मुलासारख्यांसाठी. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांना वाटलं की सायन्सला नसलेल्या पोरांनाही कॉम्प्युटर वापरता यावा, त्यासाठी त्यांनी ही भाषा केली, आणि ती पहिल्यांदा चालली तो दिवस 1 मे 1964, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. पायथन चांगलंच आहे, पुढं शिकायचंच आहे. पण त्यात स्क्रीनवर काही हलवायचं म्हटलं की आधी वेगळी लायब्ररी घ्या, ती समजून घ्या. क्यूबी64 मध्ये 'स्क्रीन 12' लिहून चित्रांचा पडदा लावला, 'सर्कल' लिहिलं, कुठं आणि केवढा ते सांगितलं, वर्तुळ समोर. आठवीतल्या मुलाला हे लगेच दिसणं फार लागतं हो. वर्षभर बेसिकमध्ये दोन-चार गेम पूर्ण केले की पायथनकडे वळू दे, लूप आणि इफ तेच असतात, तेवढं नवीन शिकावं लागत नाही.

राहिला मोबाइलचा प्रश्न. मोबाइलवर बोटांनी पळवायचे गेम लिहायला लावू नका, ऑनस्क्रीन कीबोर्डनं अर्धा स्क्रीन झाकतो आणि बाणाच्या की त्यावर नसतातच. आपापल्या पाळीनं खेळायचे गेम मात्र मस्त होतात, आणि त्यातला राजा म्हणजे सापशिडी. शंभर घरं, प्रत्येक घरासाठी एका ॲरेत, म्हणजे नंबर लावलेल्या कप्प्यांच्या रांगेत, एक आकडा ठेवायचा, साधं घर असेल तर शून्य, साप किंवा शिडी असेल तर जिथं जायचं त्या घराचा नंबर. फासा टाकला, सोंगटी पुढं सरकली, ॲरेत बघितलं, शून्य नसेल तर तिकडं उडी. दोन ओळींत साप आणि शिडी दोन्ही झाले, कारण कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच. मग त्याला विचारायचं, 97 वर आहेस आणि फाशावर 5 पडले, आता काय? आपल्या घरी जो नियम असेल तो त्यानं लिहायचा, काहींकडे जागेवर थांबतात, काहींकडे मागं येतात. आणि पट काढताना डोकं चालवायला लावणारं एक आहेच, पहिली रांग डावीकडून उजवीकडे जाते आणि दुसरी उलटी येते. घराच्या नंबरातून एक वजा करून दहानं भागायचं, भागाकार म्हणजे रांग (पहिली रांग 0, दुसरी 1), बाकी म्हणजे त्या रांगेतली जागा, आणि रांग विषम असेल तर जागा नऊमधून वजा करायची. 11 नंबरचं घर करून बघू दे, रांग 1, बाकी 0, नऊमधून वजा केलं की 9, म्हणजे बरोबर 10 च्या डोक्यावर. हे जमलं ना की मुलाचा चेहरा बघा.

हे सगळं वहीत आधी लिहून काढायची सवय लावा म्हणजे तुमचा मोबाइल त्याच्याकडे टाइप करण्यापुरताच राहील. आणि जमलं तर ओटीजी अडॅप्टर घेऊन जुना यूएसबी कीबोर्ड मोबाइलला जोडा, बहुतेक अँड्रॉइड फोनला तो चालतो.

प्रश्न : आम्ही दोघं इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, गंगापूर रोडला राहतो. बेसिक गेमचं मराठी ट्युटोरियल सुरू केलंय. वरून द्राक्षं पडतात, खाली टोपली हलवून झेलायची असा गेम चौथ्या धड्यात आहे आणि मुलं नेमकी तिथंच सोडून जातात. 'स्क्रीन लुकलुकतो', 'टोपली हलतच नाही' असं म्हणतात. आमच्याकडे तर व्यवस्थित चालतं.

कल्पना एकदम आपल्या मातीतली आहे, निफाड-दिंडोरीच्या पोरांना द्राक्षं झेलायला आवडणारच, म्हणून हा गेम टाकून देऊ नका, नीट करा.

लुकलुकण्याचं कारण बहुधा तुम्ही लूपच्या प्रत्येक फेरीत 'सीएलएस' करताय. अख्खा स्क्रीन पुसला जातो, मग सगळं परत काढलं जातं, त्या मधला रिकामा क्षण डोळ्याला दिसतो. पहिल्यांदा शिकवताना सोपा उपाय द्या, द्राक्ष जिथं होतं तेवढ्याच जागी 'लोकेट' करून, म्हणजे कर्सर तिथं नेऊन, एक स्पेस छापायची आणि मग नव्या जागी द्राक्ष छापायचं. टोपलीचंही तसंच. पुढच्या धड्यात क्यूबी64 ची 'डिस्प्ले' कमांड दाखवा, ती दिली की सगळं आधी पडद्यामागं काढलं जातं आणि तयार चित्र एकदम समोर येतं.

टोपली न हलण्याची दोन कारणं असू शकतात. तुम्ही बाणाच्या की घेतल्या असतील तर कुठली की दाबली ते सांगणारा 'इंकी डॉलर' (INKEY$) त्यांच्यासाठी एक अक्षर देत नाही, दोन देतो, पहिलं शून्य कोडचं आणि दुसरं डावीकडे जायला के, उजवीकडे एम. मुलानं व्हिडिओ बघून पहिला भाग गाळला की की दाबली तरी काही होत नाही आणि एररही येत नाही, म्हणजे शोधणार कुठं? चौथ्या धड्यात ए आणि डी या साध्या की घ्या, बाण नंतर. आणि ए-डी घेतलंत तरी दुसरं कारण उरतंच, कॅप्स लॉक चालू असेल तर मोठा ए येतो, तुम्ही छोटा तपासताय. 'यूकेस डॉलर' (UCASE$) लावून अक्षर आधी मोठं करून घ्या आणि मग तपासा. तुमच्याकडे चालतं कारण तुमचा कॅप्स लॉक बंद असतो, बस एवढंच.

अजून एक बघा, द्राक्ष टोपलीत पडलं का हे तपासताना दोघांची जागा अगदी सारखी असेल तरच गुण असं लिहिलंय का? मग टोपलीच्या कडेला लागलेलं द्राक्ष वाया जातं आणि मुलाला गेम खोटा वाटतो. टोपलीच्या मधल्या जागेपासूनचं अंतर दोन घरांच्या आत असलं तर झेललं धरायचं. ही एक ओळ बदलल्यावर गेम किती खेळावासा वाटतो ते त्यांनाच बदलून बघायला सांगा, 2 च्या जागी 1, मग 5.

आणि व्हिडिओसोबत लेखी धडा द्याच. मोबाइलवर व्हिडिओ थांबवून थांबवून कोड उतरवणं म्हणजे शिक्षा आहे, त्यात तुमच्या एडिटरचा फाँट लॅपटॉपच्या मापाचा असेल तर अक्षरंच लागत नाहीत. रेकॉर्ड करताना फाँट एवढा मोठा करा की तुम्हाला विचित्र वाटेल, आणि एका वेळी स्क्रीनवर दहा-बारा ओळींपेक्षा जास्त नको. गेमची फाइल काही केबीची असते, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जाते, खेड्यात लाइट नसताना आणि नेट रांगत असतानाही उघडते. फक्त तयार फाइल धड्याच्या शेवटी द्या, आधी दिलीत तर टाइप कोणी करणार नाही.

प्रश्न : फी घ्यावी का? आणि मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला तर चालेल ना? (सिन्नर)

पहिला गेम पूर्ण फुकट द्या, अर्धा नको. फी घ्यायची तर शंका सोडवायच्या लाइव्ह तासांची घ्या, कारण तिथं तुमचा वेळ जातो आणि मुलाला खरी गरज तिथंच असते. युट्यूबच्या जाहिरातींवर भिस्त ठेवू नका, त्यासाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं लागतं (किंवा शॉर्ट्सना काही लाख नाही, एक कोटी व्ह्यूज, तेही नव्वद दिवसांत), शिवाय मुलांसाठीचा व्हिडिओ म्हणून नोंदवला की त्यावर कमेंट बंद होतात आणि जाहिरातही कमी मिळते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही.

ग्रुप मुलांचा करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितलीय. पालकांचे नंबर घ्या, ग्रुप फक्त ॲडमिननं लिहायचा ठेवा, शंका पालकांच्या फोनवरून वेगळ्या येऊ द्या. मुलांचे गेम सगळ्यांना दाखवताना पूर्ण नाव आणि शाळा टाकू नका, पहिलं नाव पुरे.

प्रश्न : प्रसिद्ध गेमसारखाच गेम शिकवला तर कॉपीराइटचा त्रास होईल का?

खेळायची पद्धत कोणाच्या मालकीची नसते, नागमोडी फिरत वाढत जाणारा साप तुम्ही तुमच्या कोडमध्ये खुशाल लिहा. दुसऱ्याचा कोड, चित्रं, आवाज आणि गेमचं नाव मात्र उचलू नका. क्यूबेसिकसोबत गोरिलाचा आणि सापाचा असे गेम यायचे, ते कोड आजही फिरत असतात, वाचून शिका, पण आपल्या धड्यात आपले म्हणून घालू नका.

प्रश्न : गेममध्ये 'शाब्बास' वगैरे मराठीत दिसेल का?

जुन्या पद्धतीच्या प्रिंटनं देवनागरी येत नाही, चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं दिसतात. सुरुवातीला रोमन अक्षरांत मराठी लिहा, मुलं व्हॉट्सॲपवर तसंच तर लिहितात. व्हेरिएबलची नावंही मराठीच द्या, गुण, टोपली, द्राक्ष, रोमनमध्ये लिहिलेली. एक्सवन, एक्सटू असली नावं दिलीत तर आठवड्यानं त्या मुलालाच आपला कोड कळणार नाही.